कपाटामागची भिंत

प्रिय गोटी,

तुझे फोन येतायत, मला दिसतंय. सकाळपासून फोन टेबलावर थरथरतोय आणि मी समोर बसून त्याच्याकडे बघतेय. घाबरू नकोस, मी धडधाकट आहे, जेवले आहे, गोळीही घेतली आहे. एजंटने त्याच्या पद्धतीने तुला सगळं कळवलंच असेल. म्हातारीचं डोकं फिरलं, हातात आलेला सौदा घालवला, असं काहीतरी म्हणाला असेल. जाताना माझ्या तोंडावरही तो जवळजवळ तेच म्हणाला, फक्त म्हातारीच्या जागी 'काकू' म्हणाला.

सौदा मोडला हे खरं आहे. आधीच सांगून टाकते, कारण वाईट बातमी पहिल्या पानावर द्यावी, माणसाला शेवटपर्यंत चाचपडत ठेवू नये, असं तुझे बाबा म्हणायचे. या घराच्या पैशांवर तुझा नवीन फ्लॅट उभा राहणार होता. त्यात माझ्यासाठी खिडकीची एक खोली तू मनातल्या मनात सजवूनही ठेवली होतीस, पडद्याचा रंगसुद्धा मला विचारला होतास. ते पैसे आता येणार नाहीत. तू भरलेलं टोकनही बहुतेक बुडालं. पण हे का झालं ते तुला नीट, क्रमाने सांगायचंय.

बाबांबरोबर घरं बघायला जायचीस ते तुला किती आठवतं? कोणी घर घ्यायला निघालं की त्यांना बोलवायचं. लोक त्यांना घरांचा डॉक्टर म्हणायचे आणि ते वरवर चिडायचे, पण त्या दिवशी दोन घास जास्त जेवायचे. त्यांच्या बॅगेत टॉर्च, फरशीची सपाटी बघायची पाणसळ, भिंतीचा सरळपणा बघायचा ओळंबा, छोटा हातोडा आणि काचेची एक गोटी. गोटी त्यांना स्वतःला लागायची नाही, ती घेणाऱ्यांसाठी होती. पाणसळीतला बुडबुडा लोकांना समजत नाही, पण आपण पसंत केलेल्या घराच्या फरशीवरून गोटी आपल्या पायांनी चालायला लागली की लगेच समजतं. ती पकडायला तू धावायचीस, म्हणून तू गोटी. शाळेत तुझं चांगलं भारदस्त नाव घातलं होतं, ते कोणाच्याच तोंडी बसलं नाही.

घर घ्यायला निघालेली माणसं कशी वागतात, हे मी रोज जेवताना ऐकलंय. चप्पल घेताना पाचदा घालून चालून बघतील, आणि घर एकदा, भर उन्हात, खिडक्या उघड्या असताना बघतील. नव्या टाइल्सवर भाळतील. चार खोल्यांतल्या एकाच खोलीला ताजा रंग का, हे विचारणार नाहीत. संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय म्हटलं की कागद वकिलाला न दाखवता टोकन देऊन मोकळे. आणि तपासायला माणूस आणलाच तर तो विकणाऱ्याने सुचवलेला. बाबा या सगळ्यांवर चडफडायचे. मालक चहा विचारायचा, गॅलरीतला वारा दाखवायचा, आणि बाबा सगळं ऐकून घेऊन शांतपणे म्हणायचे, ते कपाट जरा हलवता का? त्यांचं म्हणणं, घरातलं सगळ्यात जड कपाट कुठे ठेवलंय ते बघावं आणि तिथूनच सुरुवात करावी. कितीतरी मालकांचे चेहरे त्या एका वाक्याने उतरलेले तू बघितले आहेस.

आणि शेवटी त्यांचा निकाल. घ्या किंवा घेऊ नका असं ते कधीच म्हणाले नाहीत. खोलीच्या मध्ये उभे राहून म्हणायचे, इथे मला झोप लागेल. नाहीतर म्हणायचे, इथे मला झोप लागणार नाही. बस. त्यावर लोक लाखांचे व्यवहार करायचे आणि मोडायचे.

आपलं हे घर घेतलं तेव्हा तू फार लहान होतीस. दुसऱ्यांची घरं तपासून तपासून त्यांना स्वतःच्या घराची भूक लागली होती. मागच्या खोलीत आले, दार उघडलं, बाहेरचं ते झाड आणि झाडाखालची सावली बघितली, आणि माणूस विरघळलाच गं. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं, लग्नातसुद्धा नाही. ज्यांच्या हाताखाली ते काम शिकले, ते त्यांचे जुने साहेब तेव्हा हयात होते. त्यांनी निरोप पाठवला की रविवारी येतो, एकदा नजर टाकतो. बाबा हसले. मी आहे की, म्हणाले. साहेबांना कशाला दगदग. मलाही ते पटलं. ज्याच्याकडे सगळं गाव विचारायला येतं, त्याच्या घरात दुसऱ्याला काय विचारायचं?

पुढच्याच पावसाळ्यानंतर ते मागच्या खोलीत झोपायला लागले. मी घोरतो, तुझी झोपमोड होते, म्हणाले. मी म्हटलं, मला काही ऐकू येत नाही. तर म्हणाले, तू गाढ झोपतेस म्हणून. तुझा पलंगही त्यांनी तिथून उचलून माझ्या खोलीत आणला. ते अवजड सागवानी कपाट एके दिवशी बाहेरच्या खोलीतून मागे गेलं, आणि त्याच सुमाराला तुला घरात गोट्या खेळायला बंदी झाली. पाय घसरून कोणीतरी पडेल म्हणे. तू किती रडली होतीस. ज्या माणसाने तुझं नाव गोटी ठेवलं, त्यानेच तुझा गोट्यांचा डबा उचलून माळ्यावर टाकला.

तुला हे मी कधी बोलले नाही, आज बोलते. त्या घोरण्याचं मला फार लागलं होतं. बाई तरुण असते, नवरा उशी काखोटीला मारून दुसऱ्या खोलीत जातो आणि पुन्हा परत येत नाही, तेव्हा तिला काय वाटतं ते तुला सांगायला नको. मी आरशात बघायची. माझं काय चुकलं ते शोधायची. दिवसा ते तसेच होते, प्रेमळ, चेष्टेखोर, माझ्या भाजीला नावं ठेवून तीच दोनदा घेणारे. रात्र झाली की दार लोटून घ्यायचे. कधी मी उठून त्यांच्या खोलीत गेले तर चक्क रागवायचे, जा, पुढे झोप म्हणायचे. हळूहळू मी जायचं बंद केलं. संसार असाच असतो म्हणून गप्प बसले. इतकी वर्षं मी त्या बंद दाराचा राग गिळला, गोटी, आणि तो राग घेऊनच त्यांना पोचवून आले.

हॉस्पिटलमधले ते शेवटचे दिवस. मी त्यांच्याशेजारी बाकावर झोपायची आणि ते एकदाही घोरले नाहीत. मला वाटलं, आजारपणात माणसाचा श्वासच तेवढा राहत नाही. एका दुपारी त्यांनी मला चहा आणायला पाठवलं. मी म्हटलं, तुम्हाला चहा चालत नाही. तर म्हणाले, तुझ्यासाठी आण. मी परत आले तेव्हा तू खिडकीकडे तोंड करून उभी होतीस आणि ते डोळे मिटून पडले होते. बाप-लेकीचं काही हळवं बोलणं झालं असेल म्हणून मी विचारलं नाही.

ते गेल्यावर मी मागच्या खोलीत झोपायला लागले. त्यांच्या पलंगावर, त्यांच्या उशीवर. जिवंतपणी मिळाली नाही ती जागा आता घेतली, असं मी तुला फोनवर हसत सांगितलं होतं. तू हसली नाहीस. तिथे ओल आहे, तिथे गार लागेल, पुढे झोप, असं रोज घोकत राहिलीस. मी ऐकलं नाही. मग तू रजा काढून आलीस आणि मला शेजारणीकडे पाठवून, दार लावून, मागची खोली एकटीने आवरलीस. पुढच्या वेळी आलीस ती एकच रात्र राहिलीस, आणि तिथून आठवडाभरात एजंट घरात हजर. घर विकायचं, मी तुझ्याकडे यायचं, सगळं तू झपाट्याने ठरवून टाकलंस. पोरगी एकट्या आईसाठी धडपडतेय म्हणून मला भरून आलं होतं.

एजंटला तर आयतं घबाड मिळालं. घर बघायला येईल त्याला तो थेट मागच्या खोलीत न्यायचा आणि म्हणायचा, हे खुद्द इंजिनिअर साहेबांचं घर, याच खोलीत ते आयुष्यभर झोपले. पुढे काही बोलायची गरजच पडायची नाही. ही जोडी आली ती अशीच. तो कुठल्याशा कारखान्यात सुपरवायझर, ती शाळेत शिकवते, सातवा महिना लागलाय. दोन्हीकडच्या आईवडिलांनी आपापली शिल्लक रिकामी करून दिलीय. मी त्यांना विचारलं, तुम्ही कोणाला दाखवून घेणार नाही का? तो नवरा भोळेपणाने म्हणाला, काकू, आमचं आधीचं भाड्याचं घर काकांनीच तपासलं होतं, आता त्यांच्याच घरात आणखी कोणाला आणायचं? एजंटने मान डोलावली. मला अभिमान वाटला. आम्ही जी चूक केली होती, तीच ते आमच्या भरवशावर करत होते.

आणि तू फोनवर बजावत होतीस, घर पुसून लख्ख कर, पडदे धू, पण मागच्या खोलीतलं कपाट आहे तिथेच असू दे. पहिल्यांदा म्हणालीस तेव्हा मी हो म्हटलं. पुन्हा म्हणालीस, पुन्हा हो म्हटलं. शनिवारी तिसऱ्यांदा म्हणालीस. मला नको म्हटलं की मी काय करते हे तुला माहीत आहे, तुझ्यातही तेच रक्त आहे. फोन ठेवला आणि दुपारी त्या कपाटाला खांदा लावला. मला वाटलं होतं हलणारच नाही. ते एखाद्या खणासारखं सरकलं. खाली वाकून बघितलं तर पायांखाली जुन्या ब्लँकेटचे तुकडे घातलेले, आवाज होऊ नये म्हणून.

मागे भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा होता. पुन्हा पुन्हा बुजवलेला, पुन्हा उघडलेला, बोट जाईल एवढा. आणि त्या तड्यावर आडव्या काचपट्ट्या, प्लास्टरने चिकटवलेल्या, एकीखाली एक. तुला वेगळं सांगायला नको. भेगेवर काच बसवायची आणि वाट बघायची. काच शाबूत राहिली तर भिंत थांबली आहे, तडकली तर भिंत चालली आहे. वरच्या पट्ट्या जुन्या होऊन पिवळट झालेल्या, खाली येतील तशा स्वच्छ. सगळ्या तडकलेल्या. एकही धड नाही.

मी तिथेच फरशीवर बसले. ते का घोरायचे ते मला तेव्हा कळलं. आपल्या दोघींना भिंतीपासून दूर ठेवून माणूस रोज रात्री त्या भिंतीच्या आणि आपल्या मध्ये जाऊन झोपत होता. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. मला सांगायला काय झालं होतं? मी काय घर सोडून पळून गेले असते? दोघं मिळून भाड्याच्या खोलीत राहिलो असतो, पण एका खोलीत राहिलो असतो. पण घरांच्या डॉक्टरने स्वतःच फसून घर घेतलं हे बाहेर कळलं असतं तर त्यांना कोणी बोलावलं असतं? त्यांनी नाव सांभाळलं आणि मी दार बघत बसले.

रविवारी सकाळी मी त्यांच्या शिष्येला बोलावलं. ती उंच मुलगी, आता चांगली नावाजलेली इंजिनिअर आहे, बाबांसारखीच बॅग घेऊन फिरते. येताना हसत आली, सरांच्या घराची तपासणी म्हणजे परीक्षाच की, म्हणाली. कपाटामागे गेली, एकेक काचपट्टी टॉर्चने बघितली. बाहेर जाऊन झाडाभोवती फिरली, उकिडवं बसून माती बघितली, गच्चीवर गेली. मग मला खुर्चीत बसवून सांगितलं. घराची मागची बाजू भरावावर उभी आहे, खाली कधीकाळी खड्डा किंवा ओढा असावा. पाया बसत चाललाय आणि झाडाची मुळं त्यात भर घालतायत. मागचा भाग पाडावा लागेल, त्याला घराची अर्धी किंमत लागेल. तोवर त्या खोलीत कोणी झोपायचं नाही, आजपासूनच. मी तिला विचारलं, सरांना हे दिसलं नसेल का गं? ती टॉर्च पुसत राहिली. तिने फी घेतली नाही. मी बळेच दिली. फुकटचा सल्ला माणूस गंभीरपणे घेत नाही हे मी तिच्या सरांकडूनच शिकले होते.

दुपारी ती जोडी आली, एजंट कागद घेऊन आला. ती मुलगी खोलीत फिरली, पाळणा कुठे ठेवायचा ते हाताने मोजत होती. कपाट मी पुन्हा भिंतीला लावून ठेवलं होतं. कोणीतरी विचारेल, एकदा तरी विचारेल, म्हणून मी थांबले. कोणी विचारलं नाही. उलट ती म्हणाली, काकू, हे कपाट इथेच राहू द्याल का, किती छान बसलंय. आणि पाळणा त्याच्या शेजारी ठेवायचं ठरलं.

तेव्हा मी म्हणाले, "कपाट हलवा."

एजंटला वाटलं मी चेष्टा करतेय. त्या नवऱ्याने हात लावला आणि कपाट सरकलं. मग तो नवरा बोलायला लागला, खूप बोलला, फसवणूक हा शब्द त्याने बऱ्याचदा वापरला आणि तो खोटा नव्हता. एजंट त्याला आवरत होता, रंगरंगोटीने होऊन जाईल म्हणत होता. ती मुलगी तेवढी पलंगावर टेकली. उशीकडे बघितलं, माझा चष्मा तिथे होता.

"काकू, तुम्ही इथे झोपत होतात?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. तिने माझा हात धरला आणि मला उठवून पुढच्या खोलीत नेलं. परक्या पोरीने.

आता शेवटच्या काचपट्टीबद्दल लिहिते. ती लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. बाबांच्या सगळ्या पट्ट्या साध्या काचेच्या, प्लास्टर बोटाने गुळगुळीत केलेलं. सगळ्यात खालची तशी नाही. तिचं प्लास्टर ओबडधोबड आहे, त्यावर बारीक बोटांचे ठसे आहेत, आणि काचेचं एक टोक धुरकट आहे, नमुन्याचं नाव लिहिण्यासाठी असतं तसं. तशा पट्ट्या तुझ्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली वापरतात. तू मला एकदा दाखवायला आणली होतीस, त्यावर कांद्याचा पापुद्रा ठेवून. बाबा हॉस्पिटलमधून घरी आलेच नाहीत, म्हणजे ती त्यांनी लावलेली नाही. खोली आवरायला आलीस तेव्हा तू ती लावलीस आणि पुढच्या वेळी आलीस तेव्हा ती तडकलेली बघितलीस. म्हणून एवढी घाई. मला तिथून बाहेर काढायला तू जिवाचा आटापिटा करत होतीस, ते मला कळतं, आणि तुझ्यावर माझं प्रेम कमी झालेलं नाही. पण माझ्या जागी तू त्या पोरीला झोपवणार होतीस, गोटी. पाळण्यासकट. भिंतीचं बाबांनी तुला त्या चहाच्या दुपारी सांगितलं असणार, पण ती लपवून घर विकायला सांगितलं होतं असं मला वाटत नाही. सांगितलं असेल तर मला ते कळू देऊ नकोस. त्यांच्याबद्दल एवढं तरी माझ्याकडे राहू दे. तुझा तो फ्लॅट बाबांच्या शिष्येला दाखव, तिची फी तू स्वतः दे, आणि ती नाही म्हणाली तर टोकनवर पाणी सोड. मी इथे पुढच्या खोलीत आहे. मागच्या खोलीचं दार कुलूप लावून बंद केलंय. फोन मी मुद्दाम उचलला नाही. उचलला असता तर तू म्हणाली असतीस, आई, मला माहीत नव्हतं. आणि मी ते लगेच खरं मानलं असतं, मला तशी सवय आहे. ते शब्द तुझ्या तोंडून निघू नयेत म्हणून हे पत्र लिहिलं. हे वाचून झालं की ये. कपाट भिंतीपासून बाजूला काढून ठेवलंय.

तुझीच, अजूनही तुझीच,
आई